‘अदिती’ या नावाचा अर्थ आणि उगम

मुलीचे नाव ‘अदिती’ ठेवायचे ठरले आहे. परंतु नावांच्या निरनिराळ्या पुस्तकांत त्याचे अर्थ पृथ्वी, गाय, स्वातंत्र्य, देवमाता, अनंत, एवढेच नव्हे तर ‘भक्षण करणारी’ आणि ‘न देणारी’ असेही दिलेले आढळतात. यांतला खरा अर्थ कोणता, हे ‘आदित्य’चे स्त्रीलिंगी रूप आहे का, आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, असा आपला प्रश्न आहे. संस्कृत व्याकरण आणि वैदिक वाङ्मय शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे, आणि नावांविषयी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत या नावाचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आधी निष्कर्ष सांगतो. ‘अदिति’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बंधन नसणे’, ‘अबद्धता’ असा आहे, आणि त्यावरून ‘जिला बंधन नाही ती देवी’. आपण वाचलेले बाकीचे बहुतेक अर्थ खोटे नाहीत. ते या एका मुळावर निरनिराळ्या काळांत चढलेले थर आहेत. पुस्तके हे थर एका ओळीत स्वल्पविराम देऊन मांडतात आणि कोणता थर कधीचा, हे सांगत नाहीत, म्हणून वाचकाचा गोंधळ होतो.

शब्दाची घडण पाहू. ‘अदिति’मध्ये आरंभीचा ‘अ’ नकारार्थी आहे आणि पुढे ‘दिति’ हा शब्द आहे. ‘दिति’ हा मति, गति, स्थिति यांच्याच साच्यातला, म्हणजे धातूला ‘क्तिन्’ प्रत्यय लागून झालेला स्त्रीलिंगी शब्द होय. धातू कोणता, हा खरा प्रश्न. पाणिनीचे एक सूत्र आहे: ‘द्यतिस्यतिमास्थामित्ति किति’ (७.४.४०). दो, सो, मा आणि स्था या धातूंच्या शेवटच्या स्वराच्या जागी अशा प्रत्ययापूर्वी ‘इ’ येतो, असे ते सांगते. स्था या धातूपासून ‘स्थिति’ होते, मा पासून ‘मिति’ होते, आणि त्याच नियमाने दो पासून ‘दिति’ होते. या नियमाचा एक उपयोग असा की ‘न देणारी’ हा अर्थ देवीच्या नावापुरता बाजूला ठेवता येतो, कारण ‘देणे’ या अर्थाच्या दा धातूचे याच प्रत्ययाने होणारे रूप ‘दत्ति’ असे आहे, ‘दिति’ असे नाही. तो अर्थ पुस्तकांत आला त्याला मात्र थोडा आधार आहे. ऋग्वेदात एके ठिकाणी (४.२.११) ‘दितिं च रास्वादितिमुरुष्य’ असे शब्द येतात, आणि भाष्यपरंपरेने त्या जागी दिति म्हणजे दाता व अदिति म्हणजे अदाता असा अर्थ लावला आहे. परंतु तो त्या एका ऋचेपुरता लावलेला अर्थ आहे. देवमातेच्या नावाशी त्याचा संबंध नाही.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, दो या धातूचा अर्थ ‘अवखण्डन’ म्हणजे तोडणे, तुकडे करणे असा दिला आहे. त्यामुळे व्याकरणाच्या परंपरेत अदिति म्हणजे ‘अखंडिता’, जिचे तुकडे होत नाहीत ती. सायणाचार्य आपल्या ऋग्वेदभाष्यात ‘अखण्डनीया’ असा अर्थ देतात तो यावरूनच. हा अर्थ सुंदर आहे आणि परंपरेला धरून आहे, म्हणून घरात कोणी ‘अदिती म्हणजे अखंड’ असे सांगितले तर ते चूक म्हणू नये. परंतु खुद्द ऋग्वेदातली भाषा पाहिली तर याच रूपाचा आणखी जुना अर्थ दिसतो. तेथे ‘दित’ हे रूप ‘बांधलेला’ या अर्थाने येते. पाचव्या मंडलात अग्नीला उद्देशून म्हटले आहे: ‘शुनश्चिच्छेपं निदितं सहस्राद्यूपादमुञ्चः’ (५.२.७), म्हणजे हजारांच्या मोलासाठी बांधलेल्या शुनःशेपालाही तू यूपापासून, म्हणजे यज्ञातल्या बळीच्या खांबापासून, सोडवलेस. येथे ‘निदित’ म्हणजे तोडलेला नव्हे, बांधलेला. दोरी या अर्थाचा ‘दामन्’ शब्द याच कुळातला. यशोदेने कमरेला दोरी बांधली म्हणून कृष्ण दामोदर झाला तो याच शब्दाने. आपल्याकडे गाईला गोठ्यात ज्याने बांधतात ते दावेही याच ‘दामन्’पासून आलेले आहे. अदिति म्हणजे जिथे दावे नाही ते, असे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येते.

स्वरावरूनही एक गोष्ट कळते. वेदपाठात ‘अदिति’ हा शब्द आद्युदात्त आहे, म्हणजे उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर पडतो. नकारार्थी ‘अ’ लागून झालेला समास तत्पुरुष असेल तर स्वर आरंभी राहतो आणि बहुव्रीही असेल तर तो शेवटी जातो, असा सामान्य नियम आहे. त्यामुळे ‘जिला बंधन नाही ती’ असा विग्रह करण्यापेक्षा ‘बंधनाचा अभाव’ हा विग्रह मूळ मानणे अधिक योग्य ठरते. म्हणजे आधी ‘अबद्धता’ ही कल्पना, आणि मग त्या कल्पनेची देवी. श्रद्धा, अनुमति या वैदिक देवता अशाच भाववाचक नामांतून उभ्या राहिल्या आहेत.

एवढे व्याकरण झाल्यावर या नावाचे मर्म जिथे प्रत्यक्ष दिसते तिथे जातो, आणि ते ठिकाण म्हणजे शुनःशेपाची सूक्ते. त्याची कथा ऐतरेय ब्राह्मणात सविस्तर आली आहे. पुत्र झाल्यास तो तुलाच अर्पण करीन असे वचन राजा हरिश्चंद्राने वरुणाला दिले होते. रोहित जन्मला, वाढला, आणि बळी जाण्याची वेळ येताच अरण्यात निघून गेला. पुढे त्याने अजीगर्त नावाच्या भुकेल्या ब्राह्मणाकडून त्याचा मधला मुलगा शुनःशेप शंभर गाईंना विकत घेतला. यज्ञात त्याला यूपाला बांधायला कोणी पुढे येईना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन बापानेच त्याला बांधले, आणि आणखी शंभरांसाठी मारायलाही तोच सिद्ध झाला. त्या अवस्थेत शुनःशेपाने देवांची स्तुती आरंभली, आणि ऋचांगणिक त्याचे पाश गळून पडले.

आता ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील चोविसावे सूक्त उघडले, तर या बांधलेल्या मुलाच्या तोंडी पहिल्याच ऋचेत शब्द आहेत: ‘को नो मह्या अदितये पुनर्दात् पितरं च दृशेयं मातरं च’. आम्हाला त्या महान अदितीला परत कोण देईल, म्हणजे मी पित्याला आणि मातेला पाहीन? सायणाचार्य येथे अदितीचा अर्थ पृथ्वी असा करतात, आणि पृथ्वीवरच्या जीवनात परतणे हा अर्थ तिथे बसतोही. परंतु सूक्त शेवटपर्यंत वाचले तर शब्दाची योजना अधिक उलगडते. तेराव्या ऋचेत तो ‘त्रिष्वादित्यं द्रुपदेषु बद्धः’, तीन खांबांना बांधलेला असताना आदित्याला हाक मारतो. आणि पंधराव्या, शेवटच्या ऋचेत म्हणतो:

उदुत्तमं वरुण पाशमस्मदवाधमं वि मध्यमं श्रथाय।
अथा वयमादित्य व्रते तवानागसो अदितये स्याम॥

हे वरुणा, आमचा वरचा पाश वर काढ, खालचा खाली उतरव, मधला सैल कर. मग हे आदित्या, तुझ्या व्रतात राहून आम्ही अदितीपुढे निरपराध ठरू. पाश सुटावेत ही मागणी, आणि पाश सुटल्यावर पोहोचायचे ते ठिकाण अदिती, अशी ही रचना आहे. बांधलेल्या माणसाने ‘अबद्धता’ या नावाच्या देवीला हाक मारावी, हा योगायोग म्हणता येत नाही. ऋषीला शब्दाचा अर्थ पुरता जाणवत होता, म्हणूनच सूक्ताच्या आरंभी आणि अखेरीस तो त्याने ठेवला. अदितीच्या व्युत्पत्तीविषयी माझे मत ज्या आधारावर उभे आहे तो मुख्य आधार हाच आहे.

या ऋचेतल्या ‘अनागस्’ या शब्दाकडेही लक्ष द्यावे. आगस् म्हणजे अपराध. अनागस् म्हणजे निरपराध. ऋग्वेदात अदितीचा उल्लेख जिथे येतो तिथे हा शब्द तिच्या आसपास वारंवार सापडतो. अग्नीलाच ‘अदिते’ असे संबोधून ‘अनागास्त्वम्’, निरपराधता, मागितलेली आहे (१.९४.१५). म्हणून नावांच्या पुस्तकांत दिलेला ‘स्वातंत्र्य’ हा अर्थ बरोबर असला, तरी हे स्वातंत्र्य मनाला येईल तसे वागण्याचे नाही. वरुण हा नियमांचा रक्षक आणि त्याच्या हातातले पाश हे अपराध्यासाठी; त्या पाशांतून सुटका होते ती व्रतात राहिल्याने. ‘व्रते तव’ आणि ‘अदितये’ हे दोन शब्द एकाच अर्ध्या ऋचेत आहेत. मुलीला नावाचा अर्थ सांगताना ही अर्धी ऋचा जरूर सांगावी, असे मला मनापासून वाटते.

बंधन नाही म्हणजे सीमा नाही, आणि सीमा नाही म्हणजे सर्व काही तेच, असा विचार पुढे सरकतो. ऋग्वेदात अदितीचे नाव सुमारे ८० वेळा येते, परंतु संपूर्ण तिचेच असे स्वतंत्र सूक्त एकही नाही. तिच्याविषयी सर्वांत प्रसिद्ध असलेली ऋचाही विश्वेदेवांच्या सूक्तातली आहे (१.८९.१०):

अदितिर्द्यौरदितिरन्तरिक्षमदितिर्माता स पिता स पुत्रः।
विश्वे देवा अदितिः पञ्च जना अदितिर्जातमदितिर्जनित्वम्॥

आकाश अदिती, अंतरिक्ष अदिती, ती माता, तोच पिता, तोच पुत्र. सगळे देव अदिती, पाचही जनसमूह अदिती, जन्मलेले ते अदिती आणि जन्मणार आहे तेही अदिती. ‘अनंत’ हा अर्थ या ऋचेच्या आधाराने दिला जातो, आणि मॅक्सम्युलर यांनी एकोणिसाव्या शतकात अदिती म्हणजे अनंताला दिलेले आद्य नाव, असा पक्ष मांडला तेव्हा तो अर्थ आधुनिक पुस्तकांतही रुजला. माझ्या मते अनंतता ही येथे फलित आहे, शब्दाचे मूळ नाही. मूळ बंधनाच्या नकारातच आहे.

यास्काचार्यांचे निरुक्त, म्हणजे वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणारा ग्रंथ, याच ऋचेच्या निमित्ताने अदितीचा अर्थ सांगते: ‘अदितिरदीना देवमाता’ (४.२२). अदीना म्हणजे जी दीन नाही, खचलेली नाही. संध्येतल्या ‘अदीनाः स्याम शरदः शतम्’ या प्रार्थनेत हाच शब्द येतो, त्यामुळे तो पुष्कळांच्या कानावरून गेलेला असतो. ही भाषाशास्त्राच्या काटेकोर अर्थाने व्युत्पत्ती नव्हे. ती निर्वचन आहे. निर्वचन शब्दाच्या ध्वनीचा आधार घेऊन त्याचे तात्पर्य उलगडते, आणि व्युत्पत्ती शब्द कसा घडला ते सांगते. प्राचीनांना हे दोन्ही हवे होते. आपणही दोन्ही ठेवावीत, फक्त एकाच्या जागी दुसरे ठेवू नये.

हा भेद लक्षात ठेवला की ‘भक्षण करणारी’ या अर्थाने घाबरण्याचे कारण उरत नाही. बृहदारण्यक उपनिषदात (१.२.५) सृष्टीच्या आरंभीचा मृत्यू जे जे निर्माण करतो ते ते खाऊ लागतो, आणि तेथे म्हटले आहे: ‘सर्वं वा अत्तीति तददितेरदितित्वम्’. सर्व काही खाते, हेच अदितीचे अदितिपण. येथे ‘अद्’ म्हणजे खाणे या धातूशी ध्वनिसाम्य जोडून केलेले निर्वचन आहे. कठोपनिषदातही ‘या प्राणेन संभवत्यदितिर्देवतामयी’ (४.७) असा मंत्र आहे, आणि शंकराचार्य त्यावर भाष्य करताना शब्दादी विषयांचे भक्षण म्हणजे उपभोग करते म्हणून अदिती, असे सांगतात. ही सर्व चर्चा अन्न आणि अन्नाद, भोग्य आणि भोक्ता या उपनिषदांच्या खास विषयाची आहे. ज्यातून सर्व निघते त्यातच सर्व सामावते, असा त्याचा आशय आहे. एखाद्या मुलीच्या नावाचा अर्थ म्हणून ‘खाणारी’ असे लिहिणे म्हणजे त्या विचाराचे टरफल तेवढे उचलून आणणे होय, आणि पुस्तके तसे करतात याचे मला वाईट वाटते.

पृथ्वी आणि गाय हे अर्थ कुठून आले, ते थोडक्यात सांगता येते. निघंटू नावाच्या वैदिक शब्दसंग्रहात अदिती हा शब्द पृथ्वीच्या २१ नावांत आहे, वाणीच्या नावांत आहे आणि गाईच्या ९ नावांतही आहे. ज्या ज्या मातृरूप, पोसणाऱ्या आणि अपार वस्तू, त्यांना हे नाव लागत गेले. गाईसंबंधीची एक ऋचा तर अतिशय हृद्य आहे. गाईला रुद्रांची माता, वसूंची कन्या, आदित्यांची बहीण आणि अमृताची नाभी म्हणून शेवटी ऋषी सांगतो: ‘मा गामनागामदितिं वधिष्ट’ (८.१०१.१५), या निरपराध अदितीला, गाईला, मारू नका. निरपराधता आणि अदिती यांची जोडी येथेही पुन्हा दिसते.

पृथ्वी, आकाश आणि अदिती यांना एकत्र आळवणारी आणखी एक ऋचा मला या नावासंदर्भात नेहमी आठवते. दहाव्या मंडलातील स्वस्तीच्या सूक्तात (१०.६३.१०) ‘सुशर्माणमदितिं सुप्रणीतिम्’, उत्तम आश्रय देणारी आणि नीट मार्गाने नेणारी अदिती, असे म्हणून लगेच ‘दैवीं नावं स्वरित्रामनागसमस्रवन्तीमा रुहेमा स्वस्तये’ असे म्हटले आहे: चांगल्या वल्ह्यांच्या, निर्दोष, कुठेही न गळणाऱ्या या दैवी नावेत आपण कल्याणासाठी चढू या. बारशाच्या पत्रिकेवर एखादे वचन छापायचे असेल तर ‘सुशर्माणमदितिं सुप्रणीतिम्’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. त्यांत नाव आहे आणि आशीर्वादही आहे.

आता ‘आदित्य’चा प्रश्न. पुष्कळ घरांत मुलाचे नाव आदित्य असते आणि मुलीसाठी त्याचे जोडनाव म्हणून अदिती निवडले जाते. त्यात अयोग्य काही नाही, परंतु अदिती हे आदित्यचे स्त्रीलिंगी रूप नाही. नाते उलट आहे: अदिती ही माता आणि आदित्य हा तिचा पुत्र. पाणिनीच्या ‘दित्यदित्यादित्यपत्युत्तरपदाण्ण्यः’ (४.१.८५) या सूत्राने दिति आणि अदिति या शब्दांना अपत्य या अर्थी ‘ण्य’ प्रत्यय लागतो, आरंभीच्या स्वराची वृद्धी होते, आणि दितीचा तो दैत्य, अदितीचा तो आदित्य असे शब्द सिद्ध होतात. आदित्यमधला ‘आ’ हा असा आईच्या नावातल्या ‘अ’ची वृद्धी होऊन आला आहे. म्हणूनच मुलीचे नाव ‘आदिती’ असे लिहिणे किंवा उच्चारणे चूक आहे, आणि ‘आदि’ म्हणजे आरंभ या शब्दाशी त्याचा संबंध जोडणेही चूक आहे. ‘अतिथी’शीही या नावाचे काही नाते नाही.

आदित्य म्हणजे आज आपण सूर्य समजतो, पण ऋग्वेदात तो देवांचा एक वर्ग आहे. दुसऱ्या मंडलात मित्र, अर्यमा, भग, वरुण, दक्ष आणि अंश अशी सहा नावे येतात (२.२७.१), नवव्या मंडलात सात आदित्य म्हटले आहेत, आणि दहाव्या मंडलातील बहात्तराव्या सूक्तात अदितीचे आठ पुत्र सांगितले आहेत: सात पुत्रांना घेऊन ती देवांकडे गेली आणि आठवा मार्तंड तिने दूर टाकला, मग जन्ममृत्यूच्या चक्रासाठी त्याला पुन्हा आणले. हा मार्तंड म्हणजे उगवणारा आणि मावळणारा सूर्य. वर्षाच्या बारा महिन्यांशी सांगड घालून आदित्य बारा झाले ते त्यानंतर, ब्राह्मणग्रंथांच्या काळात. ‘आदित्यानामहं विष्णुः’ हे गीतेतले वचन (१०.२१) या बारांच्या परंपरेतले आहे. त्याच बहात्तराव्या सूक्तात ‘अदितेर्दक्षो अजायत दक्षाद्वदितिः परि’ असे कोडेही आहे, अदितीपासून दक्ष जन्मला आणि दक्षापासून अदिती. यास्काचार्यांनी हा प्रश्न टाळलेला नाही. देवांच्या स्वभावानुसार ते एकमेकांपासून जन्मणारे असू शकतात, असे उत्तर ते देतात. कौटुंबिक वंशावळीचा हिशेब वैदिक देवतांना लावू नये, हे त्यावरून शिकण्यासारखे आहे.

‘दिती’विषयी एक गैरसमज दूर करायला हवा. पुराणे वाचलेल्या माणसाला वाटते की आधी दिती, मग तिच्या नकाराने अदिती. ऋग्वेदात दिती जवळजवळ नाहीच. मोजक्याच ठिकाणी ती दिसते आणि तीही बहुधा अदितीच्या जोडीने. दैत्यांची आई म्हणून तिची व्यक्तिरेखा पुढे पूर्ण झाली. देवी म्हणून अदिती आधीची आहे.

पुराणांत अदिती दक्षाची कन्या, कश्यपाची पत्नी आणि इंद्रादी देवांची आई होते. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत तिला ‘विष्णुपत्नी’ म्हटलेले आहे (२९.६०), आणि पुराणांत तोच विष्णू वामनरूपाने तिच्या पोटी जन्म घेतो. भागवताच्या आठव्या स्कंधात बळीने स्वर्ग जिंकल्यावर शोक करणाऱ्या अदितीला कश्यप फाल्गुन शुक्लपक्षातले बारा दिवसांचे पयोव्रत सांगतो आणि त्याचे फळ म्हणून वामन जन्मतो. भाद्रपद शुद्ध द्वादशीची वामनद्वादशी ती हीच. महाराष्ट्रात बळीवर लोकांचा जीव आहे, दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे आपण म्हणतो. त्यामुळे एखाद्या घरात ही कथा आठवून नावाविषयी किंतु निघू शकतो. त्याला उत्तर एवढेच की नाव त्या कथेपेक्षा फार प्राचीन आहे आणि त्याचा अर्थ त्या कथेवर अवलंबून नाही. दिवाळीशी अदितीचा दुसराही संबंध आहे, आणि तो अधिक सुखद आहे. नरकासुराने अदितीची कुंडले हिरावून नेली होती. नरकचतुर्दशीला ज्याच्या वधाचे स्मरण करून आपण अभ्यंगस्नान करतो, त्याला मारल्यावर कृष्ण आणि सत्यभामा ती कुंडले परत द्यायला स्वर्गात गेले. विष्णुपुराणात (५.३०) अदिती त्या वेळी सत्यभामेला, माझ्या कृपेने तुला जरा किंवा विरूपता येणार नाही, असा वर देते, आणि तिथून परतताना पारिजात आणल्याची कथा घडते. भागवत तर देवकीला तिच्या पूर्वजन्मांत पृश्नी आणि अदिती मानते, म्हणजे त्या परंपरेत अदिती ही कृष्णाचीही आई ठरते.

संस्कारांतही हे नाव बालकाच्या अगदी जवळ येते. होमाच्या आरंभी अग्नीभोवती पाणी शिंपडताना ‘अदितेऽनुमन्यस्व’, हे अदिती, अनुमती दे, असे काही शाखांत म्हणतात. आश्वलायन गृह्यसूत्रात, म्हणजे घरातल्या संस्कारांचे विधी सांगणाऱ्या ग्रंथात, मुलाच्या चौलाच्या, म्हणजे जावळ काढण्याच्या वेळी ‘अदितिः केशान् वपतु’, अदिती केस काढो, असा मंत्र आहे. बाळाच्या डोक्यावर पहिल्यांदा वस्तरा फिरताना तो हात आईचा समजावा, अशी ही योजना आहे.

नामकरणाच्या शास्त्रात हे नाव कसे बसते, हेही पाहू. मुलींच्या नावात अक्षरसंख्या विषम असावी, असे आश्वलायन आणि पारस्कर हे दोघेही गृह्यसूत्रकार सांगतात. अदितीत तीन अक्षरे आहेत, म्हणजे तो नियम पाळला जातो. पारस्करांना मुलीचे नाव आकारान्त हवे आहे, तिथे मात्र ते बसत नाही. मनुस्मृतीत (२.३३) स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, कठोर नसलेले, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल, ‘दीर्घवर्णान्त’ आणि आशीर्वादरूप असावे असे म्हटले आहे. संस्कृतात ‘अदितिः’ ऱ्हस्वान्त असल्याने शेवटून दुसरी अपेक्षा पुरी होत नाही, परंतु मराठीत आपण ‘अदिती’ लिहितो तेव्हा ती आपोआप पुरी होते. नक्षत्रावरून नाव ठेवण्याची पद्धत घरात असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अदिती ही पुनर्वसू नक्षत्राची देवता आहे, परंतु अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रांच्या चरणांना आद्याक्षरे नेमून देणाऱ्या कोष्टकात, पुनर्वसूची अक्षरे के, को, हा, ही अशी आहेत आणि ‘अ’ हे अक्षर कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे आहे. म्हणजे पंचांगातल्या आद्याक्षराप्रमाणे हे नाव कृत्तिकेच्या मुलीला येते, आणि नक्षत्रदेवतेच्या नात्याने पुनर्वसूच्या मुलीला शोभते. माझ्या मते दुसरा संबंध अर्थाच्या दृष्टीने अधिक खोल आहे. ‘पुनर्वसु’ या शब्दातही परत येणाऱ्या समृद्धीची कल्पना आहे, आणि शुनःशेपही ‘पुनर्दात्’ असेच म्हणाला होता. परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा आद्याक्षरावर असेल तर राशीचे नाव वेगळे ठेवून व्यवहारात अदिती हे नाव ठेवता येते, आणि तशी पद्धत आपल्याकडे आहेच.

शेवटची वेलांटी. संस्कृतात शब्द ‘अदिति’ असा ऱ्हस्व इकारान्त आहे, कवि आणि मति यांच्यासारखा. मराठीत तत्सम शब्दातील अंत्य इकार आणि उकार दीर्घ लिहावा, हा मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाचा नियम आहे, आणि तो १९६२ पासून शासनमान्य आहे. त्यामुळे कवी, मती, गुरू लिहितो तसेच ‘अदिती’ लिहावे. समासाच्या पूर्वपदी मात्र मूळ ऱ्हस्व परत येतो, म्हणून ‘अदितिपुत्र’, ‘अदितिनंदन’. बारशाची पत्रिका संस्कृतात छापायची असेल तर ‘अदितिः’ असे लिहावे. आणि ‘अदितीचे’ म्हणताना ‘अदितेः’ किंवा ‘अदित्याः’, ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. हिंदी भाषक प्रदेशात जन्मदाखला होणार असेल तर तिथे ‘अदिति’ असे लिहिले जाईल, आणि तेही शुद्धच आहे. फक्त मुलीच्या सर्व कागदपत्रांत एकच रूप राहील, एवढे पाहावे. रोमन लिपीत लिहिताना दक्षिणेकडील पद्धतीप्रमाणे ‘त’साठी ‘टी’पुढे ‘एच’ जोडला जातो, आणि उत्तरेकडचा वाचक तो ‘थ’ वाचतो. तेव्हा महाराष्ट्रात दाखला करताना ‘एच’ न घालता साधा ‘टी’ लिहिणे बरे.